पॉम्पेईची एका दिवसाची सहल, गाइडसोबत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीचा बेत ठरला की रोमनंतर लगेच पॉम्पेईचं, ज्वालामुखीने गाडलेल्या त्या प्राचीन रोमन गावाचं, नाव निघतं, आणि पाठोपाठ प्रश्नही: एका दिवसात होईल का? होतं. मात्र सहल निवडताना जाहिरातीत किती ठिकाणांची नावं आहेत ते मोजू नका. प्रत्यक्ष पॉम्पेईच्या आत किती तास मिळणार, तेवढंच विचारा. पुढच्या बहुतेक उत्तरांचा रोख तोच आहे.

रोममध्ये कोलोसियम बघितलं, फोरम बघितलं. मग पुन्हा पडके दगड बघायला एवढ्या लांब कशाला?

कारण रोममध्ये दिसतात ते सम्राटांचे आणि देवांचे दगड. पॉम्पेईत दिसतो तो गाव. बेकरी, लॉन्ड्री, खानावळ, सार्वजनिक न्हाणीघर, गल्लीच्या कोपऱ्यावरचा पाण्याचा हौद, श्रीमंताचा वाडा आणि त्याला चिकटून असलेली एका खोलीची दुकानं, असं सगळं जागच्या जागी. एकूण विस्तार सुमारे ६६ हेक्टर. त्यातला जवळजवळ एक तृतीयांश भाग अजून खणलेलाच नाही, मुद्दाम राखून ठेवलाय. १७४८मध्ये खोदकाम सुरू झालं, आणि नवनव्या गोष्टी आजही सापडतात.

नेमकं काय झालं होतं? लाव्हारसात गाव बुडालं ना?

लाव्हारसात नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियस या ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा आधी कित्येक तास हलक्या, सच्छिद्र दगडांचा पाऊस पडत राहिला. त्या वजनाने छपरं कोसळली. मग डोंगरावरून तापलेल्या वायूचे आणि राखेचे लोट खाली आले आणि जे मागे राहिले होते ते त्यात गेले. गाव चार ते सहा मीटर थराखाली गाडलं गेलं. पण बरेच लोक त्याआधीच निघून गेले असावेत. गावाची वस्ती साधारण दहा-बारा हजार धरतात आणि आजवर सापडलेले देह हजाराच्या थोडे वर आहेत.

सहल रोमहून घ्यावी की नेपल्सहून?

जमत असेल तर नेपल्सहून. रोमहून बसने एका बाजूला अडीच-तीन तास जातात. सकाळी सातला निघून रात्री आठला परतायचं आणि मधे पॉम्पेईत दोन तास, असा तो हिशोब होतो. रोमहूनच करायची असेल तर वेगवान रेल्वेची सहल बघा. रोम ते नेपल्स साधारण सव्वा तास. पुढे नेपल्सच्या गॅरिबाल्डी स्टेशनवरून चिर्कुमव्हेसुव्हियाना ही लोकल सोरेंतोच्या दिशेने पकडायची आणि ‘पॉम्पेई स्काव्ही – व्हिला देई मिस्तेरी’ या स्टेशनवर उतरायचं. तिथवर पाऊणएक तास. मुख्य प्रवेशद्वार स्टेशनसमोरच आहे.

पॉम्पेई नावाची आणखीही स्टेशनं आहेत आणि ती आजच्या गावात आहेत. तिथे उतरलात तर फार बिघडत नाही, चालत अॅम्फिथिएटरच्या बाजूच्या दारापाशी पोहोचता येतं. फक्त गाइड दुसऱ्या दाराशी वाट बघत उभा असतो, आणि ग्रुप कोणासाठी थांबत नाही. म्हणून भेटायचं दार पोर्ता मरीना, पियाझ्झा एसेद्रा की पियाझ्झा अॅम्फितेआत्रो, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या.

‘पॉम्पेई + व्हेसुव्हियस’ किंवा ‘पॉम्पेई + अमाल्फी’ अशी जोड सहल घ्यावी का?

अमाल्फीबरोबरची घेऊ नका, असं आम्ही स्पष्टच सांगतो. समुद्रकिनाऱ्याचा तो वळणाचा रस्ता एकट्यानेच दिवस खातो. मग दोन्हीकडे फोटो काढून परत, एवढंच हाती लागतं.

व्हेसुव्हियसची जोड समजण्यासारखी आहे, कारण ज्याने गाव गाडलं त्याच्या तोंडाशी उभं राहता येतं. गाडी सुमारे एक हजार मीटरपर्यंत जाते, पुढचा चढ पायी, खडी आणि धुळीचा. तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं आणि हवा बिघडली की वाट बंद करतात. पाय आणि उत्साह दोन्ही शाबूत असतील तर जरूर करा. पण पॉम्पेईला निदान तीन तास उरले पाहिजेत. आमची आवडती जोड मात्र वेगळीच आहे: सकाळी पॉम्पेई, दुपारी नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय. का ते पुढे येतंच आहे.

गाइड घ्यायलाच हवा का? नकाशा आणि फोन असला की भागत नाही?

ज्याने आधी बरंच वाचलंय त्याचं भागतं. बाकीच्यांचं दीड तासात डोकं गरगरतं, कारण सगळ्या भिंती सारख्या दिसू लागतात. गाइड तुम्हाला रस्ता वाचायला शिकवतो. फरसबंदीत चाकोऱ्या कुठे खोल आहेत, म्हणजे गाड्यांची वर्दळ कुठे होती. रस्ता ओलांडायला मधोमध उंच दगड का ठेवलेत आणि त्यांच्यामधलं अंतर गाडीची चाकं जातील एवढंच का आहे. दुकानाच्या उंबऱ्यात लांब खाच दिसते ती फळ्या सरकवून दुकान बंद करण्यासाठी. एकदा हे कळलं की पुढच्या गल्लीत तुम्हीच ओळखू लागता.

भिंतींवरचा मजकूरही गाइडशिवाय कळत नाही, आणि त्यातली गंमत आपल्याकडच्या माणसाला लगेच कळते. निवडणुकीच्या प्रचाराने भिंती रंगवलेल्या आहेत. फळविक्रेत्यांनी एकजुटीने अमक्याला निवडून द्या म्हटलंय. व्हातिया नावाच्या एका उमेदवाराला तर ‘रात्री उशिरापर्यंत पिणारे सर्वजण’ आणि ‘भुरटे चोर’ यांचा जाहीर पाठिंबा आहे! विरोधकांनी केलेली खोडी असावी असं बरेच अभ्यासक मानतात.

गाइड चांगला आहे की नुसता किस्से सांगणारा, हे कसं ओळखायचं?

दोन गोष्टींवर कान ठेवा.

पहिली म्हणजे उद्रेकाची तारीख. वर्षानुवर्षं २४ ऑगस्ट सांगितली जायची. २०१८मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ उजेडात आली, तिच्यावर १७ ऑक्टोबर ही तारीख आहे, वर्ष नाही. कोळशाचं लिखाण फार टिकत नाही. त्यामुळे उद्रेक ऑक्टोबरच्या अखेरीस झाला असावा हे मत आता बळकट झालंय. चांगला गाइड हा वाद दोन वाक्यांत मांडतो.

दुसरी म्हणजे ‘आई आणि मूल’. सोन्याचं कंकण घातलेली मोठी व्यक्ती आणि तिच्या अंगावर लहान मूल, अशा, मृतांच्या देहांवरून घेतलेल्या प्लास्टरच्या साच्यांकडे बघून पिढ्यान् पिढ्या मातृप्रेमाची गोष्ट सांगितली गेली. २०२४मध्ये डीएनए तपासणीचे निष्कर्ष आले: मोठी व्यक्ती पुरुष होती आणि मुलाशी तिचं रक्ताचं नातं नव्हतं. तरीही कोणी डोळ्यांत पाणी आणून जुनीच गोष्ट सांगत असेल, तर त्याच्या बाकीच्या गोष्टीही जरा बेतानेच घ्या.

मराठी किंवा हिंदी बोलणारा गाइड मिळेल का?

गृहीत धरू नका. इंग्रजी गाइड सहज मिळतो. इटलीत गाइडला परवाना लागतो आणि परवाना नसलेल्याने अवशेषांत माहिती सांगत फिरणं बेकायदा आहे. त्यामुळे पुण्यामुंबईहून तुमच्याबरोबर आलेला टूर मॅनेजर दारातून आत गेल्यावर अचानक गप्प झाला, तर त्याला कामचुकार समजू नका.

इंग्रजी न समजणारे आईवडील बरोबर असतील तर मोठ्या ग्रुपपेक्षा खासगी गाइड घ्या, चार-सहा जणांत खर्च वाटला जातो. गाइडने दोन वाक्यं बोलायची, घरातल्या कोणीतरी ती मराठीत सांगायची. कानातल्या हेडफोनवरून सतत बोलणाऱ्या ग्रुप गाइडबरोबर हे अजिबात साधत नाही.

तिकिटांचं काय? ऐनवेळी मिळतात का?

नोव्हेंबर २०२४पासून दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आहे आणि तिकिटावर तुमचं नाव असतं. गर्दीच्या मोसमात त्यातली १५,००० तिकिटं सकाळच्या वेळेची आणि ५,००० दुपारची असतात. म्हणून आधी काढा, आणि पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहा. ‘विजू काका’ चालणार नाहीत. साधं तिकीट २० यूरोंच्या आसपास असतं. त्यापेक्षा थोडं महाग तिकीट घेतलं तर तटाबाहेरचे व्हिलाही बघता येतात. भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेला व्हिला ऑफ मिस्टरीज त्यातलाच, आणि तो चुकवू नये. अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत, पण त्यांचंही तिकीट आणि ओळखपत्र लागतं.

सहलीच्या किमतीत प्रवेश तिकीट धरलंय का, हे नक्की विचारा. स्वस्त दिसणाऱ्या सहलींत बऱ्याचदा ते वेगळं असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो. त्या दिवशी जाऊ नका, एवढंच सांगतो.

स्टेशनबाहेर ‘माहिती केंद्र’ लिहिलेल्या टपऱ्या दिसतात. तिथून घ्यावं का?

त्या बहुतेक खासगी असतात आणि तिथली माहिती शेवटी सहल विकण्याकडेच वळते. सरळ पुढे चालत जा.

वेळ कमी असेल तर काय काय बघावं?

फोरम म्हणजे गावचा मुख्य चौक तर वाटेतच येतो, मागे व्हेसुव्हियस उभा, फोटो सगळे तिथलेच असतात. त्यापुढे हे निवडा.

मोदेस्तुसची म्हणून ओळखली जाणारी बेकरी. ज्वालामुखीच्या काळ्या खडकाची, माणसाच्या छातीएवढी उंच जाती तिथे उभी आहेत. आपलं जातं बसून ओढायचं, हे गाढव जुंपून फिरवायचं. भट्टी उघडली तेव्हा आत ८१ पाव सापडले, कोळसा झालेले पण आकार शाबूत.

स्टाबियन न्हाणीघर. दुहेरी जमिनीखालून गरम हवा कशी खेळवली होती ते इथे डोळ्यांनी दिसतं.

व्हेत्ती यांचं घर. बरीच वर्षं बंद होतं, २०२३च्या जानेवारीत पुन्हा उघडलं. मालक दोघे, बहुधा गुलामीतून सुटलेले आणि व्यापारात गब्बर झालेले. पैसा आलाय हे आल्यागेल्याला दिसलंच पाहिजे, अशी सजावट. भिंतींवरचे रंग आजही झगझगीत आहेत.

फॉनचं घर, जवळजवळ तीन हजार चौरस मीटरचं. अलेक्झांडर आणि इराणचा राजा दरायस यांच्या लढाईचं मोझेक याच घरातलं. इथे दिसते ती नक्कल, मूळ नेपल्सच्या संग्रहालयात.

आणि अॅम्फिथिएटर. इ.स.पू. ७०च्या सुमाराचं, म्हणजे कोलोसियमपेक्षा दीडशे वर्षांनी जुनं. इ.स. ५९मध्ये इथे पॉम्पेईकर आणि शेजारच्या नुकेरियाचे लोक यांच्यात खेळ चालू असताना मारामारी झाली, माणसं मेली, आणि रोमने गावावर दहा वर्षांची खेळबंदी घातली. ते एका टोकाला असल्याने अनेक ग्रुप तिथपर्यंत जातच नाहीत. तुमची सहल जाते का, विचारा.

पॉम्पेईत लक्ष्मीची मूर्ती सापडली होती हे खरं आहे का? ती कुठे बघायला मिळते?

मूर्ती सापडली हे खरं. १९३८मध्ये एका घरात हस्तिदंताची, सुमारे २५ सेंटीमीटर उंचीची स्त्रीमूर्ती मिळाली. अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना छोट्या दासी, डोक्यात वरून भोक. म्हणजे ती आरशाची मूठ किंवा फर्निचरचा पाय असावी. शैली निःसंशय भारतीय. तेव्हा तिला लक्ष्मी म्हटलं गेलं. आज बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात.

आपल्यासाठी खरी गोष्ट याच्यापुढे आहे. हिच्याशी जवळचं साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती महाराष्ट्रात दोन ठिकाणी मिळाल्या आहेत: धाराशिव जिल्ह्यातलं तेर आणि जालना जिल्ह्यातलं भोकरदन. पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी या जुन्या लिपीतल्या अक्षराची खूण आहे, ती वायव्य भारताकडे बोट दाखवते. त्यामुळे ती घडली कुठे यावर एकमत नाही. पण तेर हे काही त्या काळी आडगाव नव्हतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत तगर (म्हणजे तेर), पैठण, कल्याण, सोपारा ही नावं आहेत. पैठण आणि तेरचा माल बैलगाड्यांनी भडोचच्या बंदरात जायचा, तिथून जहाजाने तांबड्या समुद्राकडे. भारताच्या मालापायी दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) बाहेर जातात अशी तक्रार करणारा रोमन लेखक आणि नौदलप्रमुख थोरला प्लिनी याच उद्रेकात, लोकांना वाचवायला जहाजं घेऊन गेला असताना मेला. उलट्या दिशेने आलेला माल बघायचा असेल तर कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती आहे, ब्रह्मपुरीला सापडलेली.

हस्तिदंती मूर्ती पॉम्पेईत नाही. ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ‘गुप्त दालन’ नावाच्या भागात असते. शृंगारिक वस्तूंसाठी केलेलं हे दालन आहे. आपली यक्षी तिथे का, तर अंगावर दागिन्यांखेरीज फारसं काही नाही म्हणून. संग्रहालय मंगळवारी बंद. रोमहून येणाऱ्या बहुतेक सहली संग्रहालयाला हात लावत नाहीत, आणि पॉम्पेईची उत्तमोत्तम चित्रं, मोझेक, तो जळका पाव सगळं तिथेच आहे. म्हणून वर म्हटलं, ही जोड धरा. जाण्याआधी तेरचं लामतुरे वस्तुसंग्रहालय बघून घेतलंत तर फारच छान. आपल्याकडचे किती लोक रोम करून आलेत आणि तेरला गेलेले नाहीत!

आजी-आजोबांना झेपेल का? व्हीलचेअर चालते का?

रस्ते मोठमोठ्या घोटीव दगडांचे, वरखाली. तीन तासांत चार-पाच किलोमीटर चालणं होतं. गुडघे दुखत असतील तर तीन गोष्टी करता येतात. पियाझ्झा अॅम्फितेआत्रोच्या दारातून सुरू होणारी तीन किलोमीटरहून लांब सुगम वाट आहे, तिथे व्हीलचेअर आणि बाबागाडी चालते. किंवा खासगी गाइडला सांगून फोरमच्या आसपासचाच भाग बघावा. किंवा सरळ हर्क्युलेनियमला जावं.

हर्क्युलेनियम लहान आहे, नेपल्सपासून लोकलने वीसेक मिनिटं, एर्कोलानो स्काव्ही स्टेशन. तेही त्याच उद्रेकात गाडलं गेलं, पण वेगळ्या तऱ्हेने. त्यामुळे तिथे लाकडी तुळया, दरवाजे, वरचे मजलेसुद्धा उरले आहेत. स्टेशनपासून उतार आहे, परतताना तोच चढ होतो, तेवढी रिक्षा-टॅक्सीची सोय बघून ठेवा. गर्दीही कमी. दीड-दोन तासांत मन भरतं.

मुलांना न्यावं का? ते मृतदेह बघून घाबरतील का?

दिसतात ते मृतदेह नव्हेत, साचे. राखेत देह कुजून गेल्यावर पोकळी उरली. १८६३मध्ये जुझेप्पे फिओरेल्ली यांनी त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून मग राख काढायची पद्धत सुरू केली. हाडं मात्र आत आहेत. सात-आठ वर्षांपुढची मुलं समजावून सांगितलं तर नीट बघतात. ‘पळणाऱ्यांची बाग’ या जागी तेरा साचे एकत्र आहेत, लहान मुलांचेही. ते नको असेल तर गाइडला आधी सांगा. लुपानार म्हणजे वेश्यागृह, तिथली चित्रं उघड आहेत. व्हेत्तींच्या घराच्या दारातलं चित्रही. ऐनवेळी आईवडिलांनी मुलांचे डोळे झाकण्यापेक्षा तेही आधीच ठरवावं.

शाकाहारी जेवण मिळेल? जैन?

शाकाहाराचा प्रश्नच येत नाही, तुम्ही पिझ्झाच्या माहेरी आहात. मार्गेरिता, किंवा चीज नको तर मरीनारा. मरीनारात लसूण असतो, म्हणून जैन मंडळींनी ‘सेन्झा अॅल्यो’ म्हणजे लसूण नको आणि ‘सेन्झा चिपोल्ला’ म्हणजे कांदा नको, एवढं पाठ करावं. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट म्हणजे दूध साकळवणारं द्रव्य वापरतात. चालत नसेल तर तेही सांगावं लागेल. सूप आणि सॉसबद्दल विचारूनच घ्या.

आत फोरमजवळ एक कॅफे आहे, पण रांग आणि दर दोन्ही मोठे. एकदा बाहेर पडलात की त्या तिकिटावर परत आत घेत नाहीत, म्हणून थेपले, दशम्या पिशवीत असू द्या. फक्त भिंतींवर बसून खाऊ नका. पाण्याची बाटली भरायला जागोजागी नळ आहेत, पाणी पिण्यायोग्य आहे.

कोणत्या महिन्यात जावं? काय घालावं?

एप्रिल-मे आणि ऑक्टोबर उत्तम. आपल्याकडे शाळांना सुट्टी लागली की मेमध्येच जाऊन या. जुलै-ऑगस्टमध्ये ‘आम्ही विदर्भातले, ऊन काय सांगता’ म्हणणारेही बाराला थकतात, कारण गावाला छप्परच नाही. टोपी घ्या. बूट पकड असलेले, पावसात दगड निसरडे होतात. चपला नकोत. हिवाळ्यात दार पाचला बंद होतं आणि शेवटचा प्रवेश त्याच्या दीड तास आधी.

सामान घेऊन जाता येईल का?

मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत, मर्यादा ३० बाय ३० बाय १५ सेंटीमीटर. दाराशी ठेवायची सोय आहे. लोकलमध्ये पाकीट आणि फोन पुढच्या बाजूला ठेवा, दादरला ठेवता तसे.

व्हेसुव्हियस पुन्हा फुटला तर?

ज्वालामुखी जिवंत आहे, शेवटचा उद्रेक १९४४चा. पण तो न सांगता फुटेल अशी भीती बाळगायचं कारण नाही. १८४१मध्ये स्थापन झालेली वेधशाळा त्याच्यावर चोवीस तास लक्ष ठेवते, कारण पायथ्याशी लाखो लोक राहतात.

आठवण म्हणून एखादा खडा किंवा खापराचा तुकडा आणला तर?

गुन्हा आहे. शिवाय ज्यांनी नेले त्यांतले पुष्कळ लोक पुढे पार्सलने परत पाठवतात, सोबत माफीचं पत्र: दगड घरात आल्यापासून आजारपण, नोकरी गेली, घटस्फोट झाला. अशी पत्रं इतकी आली की त्यांचं प्रदर्शन भरवावं लागलं. फ्रिजवर लावायचं चुंबक घ्या, स्टेशनबाहेर घासाघीस केली तर स्वस्त मिळतं.